हसू नवरीचं असू द्या

पत्र:

ताई, मी एकोणतीस वर्षांची आहे. बँकेत नोकरी करते आणि रात्री लिहिते. गेले आठ महिने एक विनोदी कादंबरी लिहितेय. काळ १८१५ चा, जागा इंग्लंड. कर्जात बुडालेला एक उमराव आणि पैसेवाला एक व्यापारी परस्पर आपल्या मुलामुलीचं लग्न ठरवतात. दोघांची धड ओळखही नाही. लग्न आधी होतं, ओळख नंतर, प्रेम त्याच्याही नंतर. पहिलं प्रकरण मैत्रिणींना वाचून दाखवलं. त्यात मुलाकडची मंडळी दुपारी चारला चहाला येतात आणि मुलगी ट्रे घेऊन बाहेर येते. एक मैत्रीण म्हणाली, "हे तर कांदेपोहेच झाले. मग पुण्यातच घडव की, पेशवाई होतीच तेव्हा." दुसरी म्हणाली, "ज्या बाईला काही हक्कच नव्हता, तिच्या लग्नावर हसायचं कसं?" या दुसऱ्या वाक्यानं माझा हात थांबला. तीन आठवडे एक ओळ लिहिलेली नाही. त्यात घरी माझ्यासाठीच स्थळं बघणं चालू आहे, दर रविवारी कुणीतरी येतं. लिहिताना कधी हसू येतं, कधी रडू. पुढे लिहू की सोडून देऊ?

– एक लेखिका, मिरज

उत्तर:

सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

पहिल्या मैत्रिणीचं म्हणणं लवकर निकालात काढता येईल. १८१५ साली पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता, हे खरं. पण त्या पुण्यात तुमची गोष्ट घडूच शकत नाही. पेशव्यांच्या भोवतालच्या ब्राह्मण घरांत मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की तिचं लग्न लागायचं. दोन जाणती माणसं हळूहळू एकमेकांना उलगडत जातात, ही गोष्ट तिथे कशी बसवणार? बसवली तरी त्यावर हसायची माझी तयारी नाही, तुमचीही नसणार. इंग्लंडात तुमची नायिका वीस-बावीस वर्षांची असेल. १७५३ च्या लग्नकायद्याप्रमाणे एकवीस पूर्ण झाल्यावर आईबापांची परवानगी लागत नसे. आणि वय कितीही असो, पाद्री नवऱ्याला आणि नवरीला वेगवेगळं विचारायचा. दोघांनी आपापल्या तोंडानं होकार दिल्याशिवाय लग्न पुरं होत नसे. बाप कितीही गरजला तरी तो शब्द तिच्याच तोंडून निघायला हवा. तुमच्या विनोदाला हे एवढं दार उघडं लागतं. जिला नकार देताच येत नाही, तिच्या होकाराची कसली गंमत? म्हणून गोष्ट जिथे आहे तिथेच राहू द्या.

दुसऱ्या मैत्रिणीनं मात्र नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं आहे. तिच्यावर रागावू नका. लग्न झालं की इंग्लिश कायद्याच्या लेखी बाई वेगळी उरतच नसे, नवरा आणि बायको मिळून एकच माणूस, आणि ते माणूस म्हणजे नवरा. तिची रोकड, तिचे दागिने, फार काय तिच्या अंगावरचे कपडेसुद्धा त्याचे. जमीन तिच्या नावावर राहिली तरी तिचं उत्पन्न त्याच्या हातात. मुलांवर हक्क बापाचा. मालमत्तेबाबतची ही स्थिती बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. हे सगळं ठाऊक असताना तुमचा हात थांबला, याचा अर्थ तुमचं मन जागेवर आहे.

पण त्याच काळातलं एक खरं हसू तुम्हाला दाखवते. ते कोण हसलं, तेवढं नीट बघा.

२ मे १८१६. लंडनमधलं कार्लटन हाउस, रात्रीची वेळ. राजकन्या शार्लटचं लग्न लागतंय. ती वीस वर्षांची, इंग्लंडच्या गादीची वारसदार. नवरा सॅक्स-कोबर्गचा लिओपोल्ड, एका छोट्याशा जर्मन घराण्यातला धाकटा मुलगा. रूपानं देखणा, पण खिशात दमडी नाही. प्रार्थनेच्या पुस्तकातल्या शपथेत नवऱ्यानं म्हणायचं एक वाक्य आहे, माझी सारी ऐहिक संपत्ती मी तुला अर्पण करतो. लिओपोल्डनं ते अगदी गंभीरपणे म्हटलं. आणि शार्लटला हसू फुटलं. आर्चबिशपसमोर, सगळ्या राजघराण्यासमोर, भर लग्नात नवरी खुदकन हसली.

दोनशे वर्षांपूर्वीचं हे हसू मला आजही ऐकू येतं, कारण ते कुणा काकाचं, नोकराचं किंवा कोपऱ्यातल्या पाहुण्याचं नाही. शपथ जिच्यासाठी म्हटली जातेय तिलाच त्यातली विसंगती दिसली. एरवी देशातल्या कुठल्याही चर्चमध्ये नवरा हेच वाक्य म्हणायचा आणि नेमक्या त्याच घडीला बायकोची सगळी चीजवस्तू कायद्यानं त्याची व्हायची. देतो म्हणणारा घेत असायचा. अशा किती नवऱ्या ते वाक्य मान खाली घालून ऐकत उभ्या राहिल्या असतील! शार्लटच्या बाबतीत पारडं उलटं होतं, म्हणून तिला हसता आलं. पण तिच्या हसण्यानं सगळ्यांच्याच शपथेचं पितळ उघडं पडलं.

मैत्रिणीला द्यायचं उत्तर माझ्या मते हेच. त्या लग्नावर हसायचं, पण हसू नवरीचं असू द्यायचं. तुमच्या कादंबरीतलं प्रत्येक हसू तपासून बघा. ते नायिकेच्या अडचणीवर उभं असेल तर काढून टाका. नायिकेला काहीतरी आधी दिसलं म्हणून आलं असेल तर ठेवा.

शार्लटला ते हसू फुकट मिळालं नव्हतं. दोन वर्षं आधी तिचं लग्न ऑरेंजच्या राजपुत्राशी ठरलं होतं. बापाची इच्छा, मंत्र्यांची इच्छा, हॉलंडशी सोयरीक होणार म्हणून सगळे खूश. पण करारात एका गोष्टीवर घोडं अडलं, लग्नानंतर तिनं राहायचं कुठे? माझ्या मर्जीशिवाय मला इंग्लंडबाहेर नेता येणार नाही, हे कलम तिला हवं होतं. पुढची राणी मी, मग मी परदेशात जाऊन का बसू? पत्रं गेली, पत्रं आली, वकील बसले. शेवटी १८१४ च्या जूनमध्ये तिनं लग्नच मोडलं. बाप संतापला, तिची माणसं काढून टाकायला निघाला. तेव्हा ही अठरा वर्षांची पोर जुलैतल्या एका संध्याकाळी घरातून पळाली आणि रस्त्यावरची भाड्याची घोडागाडी करून आईकडे गेली. जन्मात कधी एकटीनं रस्त्यावर पाऊल न ठेवलेली मुलगी! समजूत घालून तिला परत आणावं लागलं, पण मोडलेलं लग्न मोडलेलंच राहिलं.

यातलं ते कलम तुम्ही उचला. पळून जाण्याचा प्रसंग सगळेच लिहितात; स्कॉटलंडची हद्द ओलांडली की ग्रेटना ग्रीन, तिथे आईबापांची संमती नको न् पाद्री नको, हे वाचकांना तोंडपाठ आहे. कराराकडे मात्र फार कमी जण बघतात. आणि तुमच्या गोष्टीत तर व्यापाऱ्याची मुलगी आहे! तिला हिशेब वाचता येत नसेल तर कुणाला येणार?

पैसेवाल्या घरांत लग्नाआधी दोन्हीकडचे वकील बसून एक करारनामा करायचे. मुलीबरोबर येणारी रक्कम, म्हणजे आपल्याकडचा हुंडाच. त्या बदल्यात तिला दरवर्षी हातखर्चाला किती, नवरा आधी गेला तर तिला हयातभर वर्षाला किती, पुढच्या मुलांना किती, सगळं लिहून ठेवायचं. साधारण हजार पौंड हुंड्यामागे विधवेला वर्षाला शंभर पौंड, असा हिशेब धरत. पैसा विश्वस्तांच्या ताब्यात ठेवला तर नवऱ्याच्या सावकारांनाही त्याला हात लावता येत नसे. कायद्यानं बाईला जे नाकारलं होतं, त्यातलं थोडंफार वकिलाच्या कागदानं मागच्या दारानं परत मिळायचं.

आता हा प्रसंग डोळ्यापुढे आणा. लांबलचक टेबल, मेणबत्त्या, दोन बाप, दोन वकील. नायिका भरतकाम घेऊन खिडकीपाशी बसली आहे, कारण तिनं तिथे असणं रीतीत बसत नाही आणि तिला उठून जा म्हणणंही रीतीत बसत नाही. वकील एकसुरात वाचत सुटलाय. विधवेच्या तरतुदीशी येतो आणि आकडा सांगतो. सुई थांबते. "आठशे नव्हे, बाराशे," ती मान वर न करता म्हणते. "हुंडा बारा हजारांचा आहे." खोलीत सन्नाटा. आणि टेबलाच्या त्या टोकाला, इतका वेळ छताकडे बघत बसलेला नवरामुलगा पहिल्यांदाच तिच्याकडे बघतो. स्वतःच्या मरणानंतरचा हिशेब आपली होणारी बायको बिनचूक करतेय, हे त्याला कळलेलं असतं. तो हसतो की बिचकतो, ते तुम्ही ठरवा. पण ओळख इथे सुरू होते. मला तर हा प्रसंग वाचायला आत्ताच हवा होता.

आता चहाचं. दुपारी चारचा चहा तेव्हा नव्हता हो. ती पद्धत १८४० च्या सुमारास पडली, म्हणजे तुमची नायिका पंचेचाळीशीची झाल्यावर. चहा व्हायचा तो रात्रीच्या जेवणानंतर, दिवाणखान्यात. आणि तो नोकराच्या ट्रेवर सोडून देत नसत, घरची बाई किंवा घरची मुलगी स्वतः करून कपात ओतायची. चहा इतका महाग की त्याची पेटी कुलपात. पेटीची किल्ली घरधनिणीकडे. पाहुण्यांदेखत कुलूप उघडायचं, पत्ती मोजून घालायची, आणि हात थरथरता कामा नये. पियानो वाजवून दाखवायचा, गाऊन दाखवायचं, काढलेली चित्रं सहज पडल्यासारखी टेबलावर ठेवायची. तुमच्या मैत्रिणीला हे कांदेपोहे वाटले यात तिची चूक नाही, मुलगी दाखवायची तऱ्हा दोन्हीकडे सारखीच आहे. फक्त तिथलं सामान तिथलंच असू द्या. वाचक मिरजेत बसून वाचेल, त्याच्या डोळ्यापुढे आपल्या घरचा रविवार आपसूक उभा राहील. तुम्ही मुद्दाम दाखवायला जाऊ नका.

गावभरच्या मुली एकदम दाखवायची जागा हवी असेल तर लंडनमधलं ऑलमॅक्स आहेच. किंग स्ट्रीटवरचं सभागृह, हंगामात दर बुधवारी रात्री नाच. प्रवेशाचं तिकीट उच्चकुळातल्या मोजक्या बायकांच्या मर्जीवर. पैसे असून भागत नसे, त्यामुळे तुमच्या व्यापाऱ्याच्या मुलीला तिथे दारातच अडवतील. अकराच्या ठोक्याला दार बंद. खायला पातळ पाव आणि लोणी, प्यायला चहा नाहीतर लिंबाचं सरबत. इतक्या थाटाच्या जागी इतकं साधं खाणं! त्या तिकीटवाल्या बायकांत एक लेडी जर्सी होती. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून लोकांनी तिचं नाव 'मौन' ठेवलं होतं. कुणाचं लग्न कुणाशी जुळण्याजोगं आहे हे ठरवणाऱ्या या बाईचे स्वतःचे आईबाप १७८२ साली ग्रेटना ग्रीनला पळून जाऊन लग्न केलेले. तिचे आजोबा बँकवाले. जावयावरचा त्यांचा राग असा की जावयाच्या थोरल्या मुलाला, म्हणजे त्याच्या घराण्याच्या वारसाला, वगळून त्यांनी आपली सगळी संपत्ती या नातीकडे जाईल अशी तजवीज केली. इतकी माणसं, इतके हट्ट आयते पडले आहेत तिथे. तुम्हाला फार काही रचावं लागणार नाही.

ज्या रीजंटच्या, म्हणजे आजारी राजाऐवजी कारभार बघणाऱ्या युवराजाच्या, नावानं हा काळ ओळखला जातो, त्याचं स्वतःचं ठरवलेलं लग्न मात्र कादंबरीत आणलंत तर जपून आणा. १७९४ साली कर्ज डोक्यावरून गेलं, आणि लग्न केलंस तर पार्लमेंट ते फेडायची व्यवस्था करेल असं कळल्यावर तो ब्रन्सविकच्या कॅरोलीनला, आपल्या सख्ख्या आत्तेबहिणीला, न बघताच वरायला तयार झाला. ती आली, त्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं, आणि तिथल्या तिथे शेजारच्या सरदाराला म्हणाला, मला बरं वाटत नाही, ब्रँडी आण. तीही मागे हटणारी नव्हती. तसबिरीत दिसत होता तसा काही हा देखणा नाही, असं तिनं बोलून दाखवलं. दोघांची बरोबरी झाली असं वरवर वाटतं. पण पुढची पंचवीस वर्षं तिचा जो छळ झाला, तो वाचून हसू गोठतं. १८२१ साली नवऱ्याच्या राज्याभिषेकाला ती गेली तेव्हा तिला दारातून आत घेतलं नाही. तीन आठवड्यांच्या आत ती वारली. ब्रँडीची गोष्ट लोक चवीनं सांगतात. मला ती कधीच सांगाविशी वाटली नाही, कारण त्या हसण्यात कॅरोलीन कुठेच नाही. शार्लट यांचीच मुलगी. आपल्या लग्नात ती हसली तेव्हा तिला हे सगळं ठाऊक होतं.

आणि ती किती थोडी जगली! ५ नोव्हेंबर १८१७ च्या रात्री तिला मेलेलं मूल झालं, आणि पहाट व्हायच्या आत तीही गेली. इकडे त्याच ५ नोव्हेंबरला खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई चालू होती. मला ही तारीख पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

तिच्या जाण्यानं पुढच्या पिढीत गादीला वारस उरला नाही, म्हणून तिच्या उतारवयातल्या काकांची लगबगीनं लग्नं ठरली. त्यातलं एक तुमच्या फार कामाचं आहे. ड्यूक ऑफ क्लॅरेन्स बावन्न वर्षांचा, एका नटीपासून झालेली दहा मुलं पदरात. नवरी ॲडलेड पंचवीस वर्षांची. लग्नाआधी जेमतेम आठवडाभर दोघांनी एकमेकांना पाहिलं. कागदावर याहून वाईट स्थळ मिळणार नाही. आणि ते लग्न टिकलं, नुसतं टिकलं नाही तर सुखाचं झालं. तिनं त्या मुलांना घरात जागा दिली, त्यानं हळूहळू शिव्या आणि दारू कमी केली. पुढे तो राजा झाला, ती राणी. 'ठरवून केलेल्या लग्नात प्रेम कसं उगवेल, वाचकाला पटेल का?' अशी शंका आली की या दोघांची आठवण काढा.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि मला तर ती तुमच्या हातातली सगळ्यात मोठी ठेव वाटते. तुम्ही ही गोष्ट मराठीत लिहिता आहात. तेव्हाच्या भल्या घरातली इंग्लिश बायको नवऱ्याला चारचौघांत, पुष्कळदा एकांतातही, 'मिस्टर अमुक' म्हणायची. आपल्याकडे ते एका 'अहो'त मावतं. पण इंग्लिशमध्ये पुढे काय? त्यांच्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' हा फरक रोजच्या बोलण्यातून केव्हाच पुसला गेला होता. परकं माणूस, नवरा, कुत्रा, सगळ्यांना एकच शब्द. दोघांमधलं अंतर घटलं हे सांगायला तिथल्या लेखकाला नजर, हातमोजा, पावसाची सर असं काय काय आणावं लागतं. तुम्हाला एक अक्षर पुरतं. करारापासून लग्नापर्यंत दोघं एकमेकांना तोलूनमापून 'तुम्ही' म्हणत राहोत. मग एके दिवशी रस्त्यात गाडीचं चाक मोडू दे, चिखलात दोघं उभी असू देत, आणि तिच्या तोंडून चिडून निघू दे, "तू जरा गप्प बसशील का?" निघून गेल्यावर तिचंच तिला कळू दे. तो काहीच बोलणार नाही. त्या रात्री झोपायच्या आधी तिला म्हणेल, "मघाशी जे म्हणालात, ते पुन्हा म्हणा ना." हे इंग्लिशमध्ये लिहिताच येत नाही. तुमच्या अख्ख्या प्रणयाचा आलेख त्या सर्वनामात आहे. 'तू' कोण आधी म्हणतं, कुठे, रागात की झोपेत, याचा एक वेगळा कागद करून भिंतीवर चिकटवा.

माझ्या आजीची एक गोष्ट सांगते. ती सतरा वर्षांची, आजोबा चोवीसचे, कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं चालू. मान खाली असल्यामुळे तिला पाटावरचे त्याचे पाय तेवढे दिसत होते. उजव्या अंगठ्याला पांढरी चिंधी गुंडाळलेली आणि चिंधीवर हळदीचा डाग. आजी सांगायची, "सगळी मंगलाष्टकं मी त्या अंगठ्याकडे बघत होते गं. ठेच लागली असेल का? नख गेलं असेल का? फार दुखत असेल का?" चेहरा दिसायच्या आधी तिला त्याची काळजी लागली. तिसऱ्या दिवशी धीर करून तिनं विचारलं, "अंगठ्याला काय झालं?" त्यांच्या लग्नातलं हे पहिलं वाक्य. मांडवाची मेढ रोवताना स्वतःचीच कुदळ पायावर घेतली होती आजोबांनी, आणि गडी असताना नवरामुलगा कुदळ घेऊन का गेला म्हणून घरात बोलणी खाल्ली होती. आजी ऐंशी वर्षांची होईपर्यंत हे सांगत आली, आणि दरवेळी कुदळीपाशी आली की हसायची. त्या हसण्यात आजोबांना कधी कमीपणा वाटला नाही.

तुमच्या चर्चमध्ये अंतरपाट नाही. पण लग्न लागलं की दोघांनी आतल्या खोलीत जाऊन नोंदवहीत सही करायची असते, दोन साक्षीदारांसमोर. ती आपलं माहेरचं नाव तिथे शेवटचं लिहिते. त्या टेबलापाशी, टाक आणि दौत यांच्यामध्ये, तिला त्याची कुठली चिंधी दिसते? ते एकदा तुम्हाला सापडलं की पुढची दहा प्रकरणं आपोआप सुटतील.

उलट्या बाजूचं उदाहरणही जवळचंच आहे. जालना जिल्ह्यातल्या असईला १८०३ साली शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली, पुढचा वेलिंग्टन. हिंदुस्थानात यायच्या आधी त्यानं किटी पॅकनहॅमला मागणी घातली होती. पोराकडे पैसा नाही म्हणून तिच्या घरच्यांनी नाकारली. नाव आणि पैसा कमावून तो परतला, आणि इतक्या वर्षांत तिला एकदाही पाहिलेलं नसताना पत्रानं पुन्हा मागणी घातली. १८०६ साली डब्लिनला लग्नाच्या वेळी तिला पाहून भावाच्या कानात म्हणाला, ही तर कुरूप झाली. पंचवीस वर्षांचा संसार, पण दोघांत संवाद असा नाहीच. ती मरणाला टेकली तेव्हा त्याच्या बाहीत बोटं घालून चाचपू लागली. कधीकाळी तिनं त्याच्या दंडाला बांधलेला ताईत अजून आहे का बघत होती. होता! नंतर तो म्हणाला म्हणतात, की गेल्या वीस वर्षांत कधीही बघितलं असतं तरी सापडला असता. तिनं विचारलं नाही, त्यानं दाखवला नाही. माझ्या आजीनं तिसऱ्या दिवशी विचारलं.

तुमच्या विनोदाचं खरं रान मला इथे दिसतं. एका छताखाली राहणारी, एकमेकांना न विचारणारी दोन माणसं किती चुकीचे अंदाज बांधतील! त्याला वाटेल हिला मासे आवडतात, म्हणून रोज मासे. तिला वाटेल यालाच आवडतात, म्हणून ती रोज गिळतेय. स्वयंपाकीण रोज चार मैलांवरून मासे आणून वैतागलेली. हे चार महिने चालू द्या.

आता तुमचे रविवार. तुम्ही त्याबद्दल सल्ला मागितलेला नाही, पण पत्राच्या शेवटी ते आलं म्हणजे मनावर आहे. येणाऱ्या माणसाला तुम्ही लिहिता हे सांगा. पहिल्याच भेटीत, मोठ्यांदेखत. काय लिहिता हेही सांगा, आणि तो पुढे काय विचारतो ते ऐका. "वेळ कसा मिळतो?" असं विचारणारा एक, आणि "मग त्या मुलीचं पुढे काय होतं?" असं विचारणारा दुसरा. शार्लटला जसं एक कलम हवं होतं तसं तुमचंही एक असेल, रात्रीच्या त्या दोन तासांचं. ते आईला आजच सांगून ठेवा, म्हणजे रविवारी खिडकीतून बोलावं लागणार नाही. आणि ज्या रविवारी रडू येईल त्या रात्रीही लिहायला बसा. करारवाचनाच्या वेळी नायिकेच्या पोटात काय कालवत होतं, हे या घडीला तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

पहिलं प्रकरण नव्यानं लिहाल तेव्हा चार वाजताची ती मंडळी रात्री जेवायला बोलवा. आणि लिहायला घेण्याआधी एवढं ठरवा, त्या रात्री चहाच्या पेटीची किल्ली आईच्या कमरेला आहे, की आईनं ती जिन्यात हळूच मुलीच्या मुठीत दिली आहे.